पोचा पडलेला बिल्ला

१

पेटीच्या काचेला तडा नव्हता, कुलूप जागच्या जागी होतं, आणि आतल्या निळ्या मखमलीवर जिथं कॅप्टन रिडलनचा बिल्ला असायचा तिथं नुसता एक लंबगोल डाग उरला होता. बाकीची मखमल उन्हानं विटून राखाडी पडलेली. तेवढा डाग मात्र अजून गडद निळा.

डेप्युटी शेरीफ लव्हीना व्हार्नी त्या डागाकडं बघत उभी होती. तिच्या पाठीमागं मर्टन रिडलन येरझाऱ्या घालत होता. सार्डिन माशांच्या कारखान्याचा मालक, गावच्या कारभारी मंडळाचा अध्यक्ष आणि त्या कॅप्टनचा नातू.

"बघतेस काय नुसती? रखवालदाराला उचल. पेटीची किल्ली त्याच्याकडं असते."

"एक त्याच्याकडं. दुसरी समितीच्या खोलीत, खिळ्याला. तो खिळा अख्ख्या टॅमरॅक कोव्हला ठाऊक आहे, मर्टन. तुलासुद्धा."

"म्हणजे माझ्याच आजोबांचा बिल्ला मी चोरला?"

"मी खिळ्याबद्दल बोलले."

गावच्या स्वयंसेवक पलटणीचं हे जुनं शस्त्रागार. भिंतीला बंदुकांची रांग, गरुड रंगवलेले ढोल, लोकरीचे गोंडे लावलेल्या उंच टोप्या, टोप्यांवरची पितळी तुताऱ्यांची चिन्हं. १८६१ साली याच दालनातून गावची पोरं अमेरिकेच्या यादवी युद्धावर गेली होती. त्याला यंदा शंभर वर्षं होत होती. मंगळवारी, स्मृतिदिनाला, मोठं संचलन होतं आणि त्या संचलनात बिल्ला गादीवर ठेवून मिरवायचा होता.

बिल्ला तसा साधाच. पितळेचा, तळहाताएवढा, त्यावर मेन राज्याच्या पलटणीची तीन अक्षरं. पण खालच्या कडेला अंगठा बसेल एवढा पोचा होता. व्हर्जिनियातल्या कुठल्याशा ओढ्याकाठी शत्रूची गोळी थेट कॅप्टनच्या पोटावर आली आणि पट्ट्याच्या बिल्ल्यावर अडली, ही गोष्ट गावातलं प्रत्येक पोर अक्षरओळखीच्या आधी शिकायचं. पेटीतल्या पाटीवरही तेच लिहिलेलं: 'कॅप्टन जोसाया रिडलन यांच्या कमरपट्ट्याचा बिल्ला.'

"मंगळवारच्या आत मला बिल्ला तरी पाहिजे, नाहीतर थिबोडो तुरुंगात तरी," मर्टन म्हणाला. "नाही जमलं तर सांग, मी वर शेरीफला फोन करतो. हार्लन असता तर एव्हाना बेड्या पडल्या असत्या."

"हार्लन असता तर त्यानं आधी तुला खाली बसवलं असतं. जा आता. मला काम करू दे."

हार्लन म्हणजे तिचा नवरा. तो गेल्यावर दुसरं कोणी पुढं येईना म्हणून शेरीफनं त्याचा बिल्ला तिच्या कोटाला लावला. हे काही दिवसांपुरतंच आहे असं गावाला वाटलं होतं. ते तसं नाही हे लव्हीनाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मर्टनची पावलं जिन्यावरून उतरली तशी तिनं मखमलीची फळी पेटीतून बाहेर काढली आणि उलटी केली. मागं पातळ लाकडाचं झाकण, चार स्क्रूंनी बसवलेलं. स्क्रूंची डोकी गंजून काळी पडली होती, पण खाचा मात्र ताज्या घासल्यासारख्या चकाकत होत्या. तिनं खिशातल्या चाकूनं स्क्रू काढले. आत चामड्याची एक वीतभर वादी पडली होती, जुनी, वाळून ताठ झालेली. आणि मखमलीला, त्या निळ्या डागाच्या मधोमध, दोन बारीक चिरा होत्या.

बिल्ला चिकटवलेला नव्हताच. तो मागून बांधलेला होता, आणि ज्यानं नेला त्याला ते आधीपासून ठाऊक होतं.

लव्हीनानं वादी खिशात घातली, झाकण होतं तसं बसवलं, आणि याबद्दल कोणालाही अवाक्षर सांगायचं नाही असं ठरवलं.

२

रोझेर थिबोडो तळघरात भट्टीशेजारी बाकावर बसला होता. त्यानं कोट चढवला होता आणि टोपी मांडीवर घेतली होती.

"मी तयार आहे, मॅडम. बायकोला सांगून आलोय."

"कशाला तयार?"

"न्यायला आलात ना?"

"विचारायला आले. शुक्रवारी संध्याकाळी काय काय झालं?"

समितीची बैठक झाली होती. पोर्टलंडहून आलेले चोटसाहेब, जे संग्रहाची मांडणी नव्यानं करत होते, त्यांनी सांगितलं की सोमवारी प्रत्येक वस्तू जागेवरून उचलायची, पाठीचेही फोटो काढायचे. रोझेर कॉफी घेऊन गेला तेव्हा तिथं चौघं होती: चोट, मर्टन, मर्टनची थोरली बहीण मिसेस स्प्रेग आणि म्हाताऱ्या गस्टामावशी. मग सगळे गेले. त्यानं दिवे मालवले आणि दाराला कुलूप लावलं. सकाळी पेटी पुसायला गेला तर डाग.

"कुलूप लावण्याआधी कोणी परत वर गेलं?"

"मी खाली कोळसा भरत होतो. भट्टीचं दार वाजलं की वरचं काही ऐकू येत नाही." त्यानं टोपी मांडीवर नीट ठेवली. "मॅडम, मी चोर असतो तर तो ढोल नेला असता. त्याला निदान गिऱ्हाईक आहे. अर्धा माणूस वाचवलेल्या पितळेला कोण विचारतं?"

"अर्धा कसा?"

"कॅप्टन रडत परत आला म्हणतात आमच्या फ्रेंच वस्तीत. अर्धा माणूस तिथंच राहिला." मग तो एकदम घाबरला. "हे मर्टनसाहेबांना सांगू नका."

लव्हीनाला हसू आलं, पण तिनं ते आवरलं. एवढ्यात जिन्यावर टाचा वाजल्या. हातात झाकलेलं भांडं घेऊन मिसेस ड्रसिला स्प्रेग खाली आल्या. उंच, सडपातळ, पांढरे केस घट्ट बांधलेले. त्यांनी भांडं रोझेरच्या शेजारी बाकावर ठेवलं.

"बीन्स आहेत. घरी ने. आणि मर्टन काय ओरडला ते मनावर घेऊ नकोस." त्या लव्हीनाकडं वळल्या. "तूसुद्धा, लव्हीना, जरा विचार कर. याचे हात बघ."

रोझेरनं उजवा हात टोपीखाली लपवला. त्याची दोन बोटं डबे बंद करायच्या मशीननं नेली होती. मशीन रिडलनांच्याच कारखान्यातलं, आणि त्याच्या बदल्यात ही रखवालदारी मिळालेली.

"असल्या हातानं ती एवढीशी वादी सुटेल का? पटाशी घेऊन पुढूनच उचकटला असता त्यानं. मखमल फाटली असती. फाटलीय का?"

"नाही."

"मग! बिल्ला गेला, वाईट झालं. पण त्यापायी गरिबाची भाकरी जायला नको. मी तर म्हणते, ते प्रकरण सोडूनच दे. संचलन बिल्ल्याशिवाय होईल."

गावात निदान एक माणूस तरी रोझेरच्या बाजूनं उभा आहे, या विचारानं लव्हीनाला बरं वाटलं. त्या समाधानात ती रस्त्यावर आली, आणि समोरच्या खानावळीपाशी थबकली.

चोटसाहेब गाडीच्या डिकीत सामान भरत होते. काम सोमवारी सुरू व्हायचं होतं, आणि पाहुणा शनिवारीच निघाला होता.

३

"एवढी घाई?" लव्हीनानं विचारलं.

विल्मॉट चोट दचकले. गोल चेहऱ्याचा, घामेजलेला माणूस. बोटांना पांढरे सुती मोजे घालूनच जन्मला असावा असा.

"घाई कसली! आता इथं माझं काम काय? ज्या वस्तूसाठी आलो तीच नाही. आणि रिडलनसाहेब माझ्याकडं ज्या नजरेनं बघतात..."

"ती हातातली बॅग उघडता का?"

"ही? यात माझी अवजारं आहेत."

"उघडा."

त्यांनी उघडली नाही, म्हणून तिनंच उघडली. भिंगं, ब्रश, कापसाच्या घड्या. आणि एका घडीत गुंडाळलेला पितळेचा लंबगोल तुकडा, त्यावर ती तीन अक्षरं.

खानावळीच्या पायरीवर बसलेले दोघं म्हातारे उठून उभे राहिले.

"मी सांगू शकतो," चोट पुटपुटले.

"सांगाच."

"हा माझा आहे. ताडून बघायला आणलेला. पोचा बघा ना! कुठं आहे पोचा?"

लव्हीनानं बिल्ला उन्हात धरला. पितळ सपाट होतं, कुठं खरचटलेलंही नव्हतं. तिनं तो उलटा केला. पाठीवर शिसं ओतलेलं आणि त्यातून बाहेर आलेले जाड आकडे.

"हे आकडे कशाला?"

"पट्ट्यात अडकवायला. कमरपट्ट्याच्या बिल्ल्याला आकडेच असतात."

"वादी नसते?"

"वादी?" चोटांचा घाम एकदम थांबल्यासारखा झाला. "वादी कुठं बघितलीत तुम्ही?"

"मी विचारतेय."

"वादी असते काडतुसांच्या पेटीवरच्या बिल्ल्याला. दिसायला अगदी असाच, पण पाठीवर आकड्यांऐवजी तारेच्या दोन कड्या. पेटीच्या झाकणाला दोन चिरा, त्यातून कड्या आत घालायच्या आणि आतून वादी ओवायची. शिपायाची पेटी उजव्या कुल्ल्यावर असते, खांद्यावरच्या पट्ट्याला. बाई, तुम्ही काय बघितलंय?"

लव्हीना गाडीला टेकली. मखमलीच्या दोन चिरा तिच्या डोळ्यांसमोर होत्या.

"चोटसाहेब, कॅप्टनकडं काडतुसांची पेटी असायची?"

"अधिकाऱ्याकडं? छे! त्याच्याकडं तलवार, आणि तलवारीच्या पट्ट्याला चौकोनी बिल्ला, गरुडाचा. काडतुसं शिपायानं वागवायची. अक्षरांचा लंबगोल बिल्ला कॅप्टनच्या कमरेला कसा, हे मला आल्यापासूनच खटकत होतं. पण पाटीवर तसं लिहिलेलं, घराणं मोठं, आणि मी पाहुणा. म्हटलं, सोमवारी उचलून बघू. पाठ खोटं बोलत नाही."

"आणि हे तुम्ही बैठकीत बोललात?"

"एवढंच म्हणालो, की पाठ बघितल्याशिवाय नवी पाटी लिहिणार नाही."

पन्नास वर्षं तो बिल्ला त्या पेटीत निवांत लटकला होता. कोणीतरी त्याची पाठ बघणार म्हटल्यावर त्याच संध्याकाळी तो नाहीसा झाला. पैशासाठी नेणाऱ्याला एवढी घाई नसते.

"सामान उतरवा," लव्हीना म्हणाली. "तुम्ही मंगळवारपर्यंत कुठं जात नाही."

"मला अटक आहे?"

"अटक नाही, जेवण आहे. खानावळीतला माशांचा दाट चाउडर चांगला असतो. मला एवढंच सांगा, तो बिल्ला कॅप्टनचा नव्हता, तर मग कोणाचा?"

चोटांनी खांदे उडवले. "कोणाही शिपायाचा. ज्याच्या पेटीला तसल्या पोच्याची जोड सापडेल त्याचा."

अशी पेटी कोणाकडं असेल, याचा लव्हीनाला अंदाज होता. गावाच्या टोकाला, खाजणाच्या कडेला, पळपुट्याचं घर म्हणून ओळखलं जाणारं एक घर होतं.

४

ऑगस्टा पीझली, म्हणजे साऱ्या गावाची गस्टामावशी, वाफ्यात गुडघ्यांवर बसून वाटाण्याच्या वेलांना काठ्या लावत होती. लव्हीनाला बघून ती उठली नाही.

"आलीस? मला वाटलंच होतं. रखवालदारानंतर नंबर माझा."

"मावशी, बिल्ला तुम्ही घेतला का?"

"घेतला असता तर घरात लपवला नसता. ओसरीवर टांगला असता, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. ती दुसरी काठी दे."

लव्हीनानं काठी दिली. "तुम्ही समितीला कितीदा सांगितलंत, बिल्ला उचलून बघा म्हणून."

"दर वर्षी. आणि दर वर्षी मर्टन म्हणतो, सरसानं चिकटवलाय, उचलला तर मोडेल. ड्रसिला काही बोलत नाही, खिडकीबाहेर बघते. शुक्रवारी तो गोल माणूस म्हणाला उचलणार, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत हसले." तिनं हातातली काठी मातीत दाबली. "हसायला नको होतं. नजर लागली."

"आजोबांची पेटी अजून आहे?"

गस्टामावशीनं मातीचे हात एप्रनला पुसले, लव्हीनाकडं नीट निरखून बघितलं, आणि मगच ती उठली.

पेटी स्वयंपाकघरातल्या फळीवर होती. काळं जाड चामडं, तडे गेलेलं, आणि आत पुड्या बांधून ठेवलेलं बियाणं. मावशीनं पुड्या एकेक करून ओट्यावर काढल्या. झाकणावर दोन चिरा होत्या. चिरांच्या खाली, एका कडेला, चामडं खोल दबून चकाकत होतं.

लव्हीनानं त्या खळग्यात अंगठा टेकवला. तो नीट बसला.

"आजोबा काय सांगायचे?"

"फार काही नाही. ईबेन पीझली बोलणारा माणूस नव्हता. एवढंच म्हणायचे, पाठमोरा होतो, पाठीवर ओझं होतं, गोळी पेटीवर लागली. ओझं कसलं ते सांगायचे नाहीत. मग ताप भरला, एका शेतकऱ्याच्या घरी कित्येक महिने पडून राहिले. बरे होऊन आले तर पलटणीच्या हजेरीत नावापुढं पळून गेला असं लागलेलं. कॅप्टननं एक शब्द टाकला असता तर पुसलं गेलं असतं. नाही टाकला. पेन्शन नाही, स्मारकावर नाव नाही. माझ्या वडलांना शाळेत पोरं पाठ दाखवून पळायची. मलासुद्धा."

"आणि बिल्ला?"

"विचारलं की म्हणायचे, एका घाबरलेल्या पोराला दिला. कोणाला, ते मरेपर्यंत सांगितलं नाही." तिनं एक पुडी उचलली, पुन्हा ठेवली. "लव्हीना, माझ्याकडं दबलेलं चामडं आहे. पण बिल्ल्याशिवाय त्याचा उपयोग काय? मर्टन म्हणेल, म्हातारीनं हातोडी मारली."

"बिल्ला मी आणते."

"हार्लनसुद्धा असंच म्हणाला असता. चांगला होता बिचारा. पण रिडलनांच्या दारात त्याचा आवाज बसायचा."

"माझा बसत नाही," लव्हीना म्हणाली.

खाजणावरून परतताना ती सगळं पुन्हा मनात लावत होती. चोटना वादी म्हटल्यावर धक्का बसला. मर्टन सरसाची गोष्ट सांगतो, आणि त्याला ती खरीच वाटते. १९११ साली बिल्ला पेटीत बसवला तेव्हा तो पाळण्यात होता. मावशीनं पाठ कधी बघितलीच नाही. रोझेरला तर...

रोझेरच्या हातांनी ती एवढीशी वादी सुटेल का?

लव्हीना रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मागून आलेल्या दुधाच्या गाडीनं भोंगा वाजवला, तरी ती हलली नाही. वादी त्या वेळी तिच्या खिशात होती, आणि तिनं ती कोणालाच दाखवली नव्हती.

५

मिसेस स्प्रेग स्वयंपाकघरात काळ्या पावाचं पीठ कालवत होत्या. रविवारची प्रार्थना नुकतीच संपलेली, अंगावर चर्चचाच पोशाख, वर एप्रन. लव्हीनानं वादी टेबलावर, पिठाशेजारी ठेवली.

"ही तुम्हाला कुठं दिसली होती, मिसेस स्प्रेग?"

त्यांचे हात पिठातच थांबले.

"काल तुम्ही रोझेरचा बचाव केलात. योग्य बोललात, त्याच्या हातांनी ही सुटली नसती. पण ही मागं आहे हे मला सकाळीच कळलं होतं, आणि मी कोणाला सांगितलं नव्हतं. मर्टनला सरस माहीत आहे. चोटांना आकडे अपेक्षित होते. वादी दोघांनाच माहीत असणार. ज्यानं ओवली त्याला, आणि ज्यानं सोडली त्याला."

त्यांनी बोटांचं पीठ भांड्याच्या कडेला निपटलं.

"ओवली मीच," मिसेस स्प्रेग म्हणाल्या. "सोडलीही मीच. शुक्रवारी हातमोजे विसरले म्हणून परत वर गेले. खरंच विसरले होते, बघ. खिळ्यावर किल्ली दिसली."

त्यांनी हात धुतले, पुसले, आणि खुर्ची ओढून बसल्या. चाचपडत एप्रनच्या खिशातून बिल्ला काढला. तो त्यांच्या अंगाच्या उबेनं गरम झाला होता.

"समुद्रात टाकायला धक्क्यावर गेले होते. मूठ उघडेना."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पन्नास वर्षांच्या समारंभापासून. मी सोळाची होते. आजोबांची बोटं थरथरायची म्हणून वादी ओवायला मला बसवलं. ओवून झाली तसे ते रडायला लागले. एवढा दाढीवाला माणूस! म्हणाले, ड्रसी, हा माझा नाही. गोळीबार सुरू झाला आणि मी चरात जाऊन पडलो, उठेचना. ईबेन परत आला. मला पाठीवर घेतलं आणि मक्याच्या शेतातून चालत सुटला. मग माझ्या मांडीला गोळी लागली आणि त्याच्या पेटीला. धान्याच्या कोठारात पोचलो तरी मी कापत होतो. तर त्यानं पेटीवरचा बिल्ला काढून माझ्या हातात दिला. म्हणाला, हा ठेवा साहेब, नशीबवान आहे."

"आणि घरी आल्यावर?"

"घरी आल्यावर त्यांच्या आईनं विचारलं, हे काय? ते म्हणाले, यानं वाचवलं. खोटं नव्हतं ते. बाकीचं गावानंच रचलं. त्यांनी फक्त नाही म्हटलं नाही. ईबेन परत येईल असं कुठं वाटलं होतं? तो आला तेव्हा फार उशीर झाला होता, असं म्हणाले."

"कॅप्टननं तसं म्हणायचं काय कारण? उशीर ईबेनला झाला."

मिसेस स्प्रेगनी मान वर केली. डोळे कोरडे होते.

"मी रोझेरवर आळ येऊ दिला नाही, लव्हीना."

"त्यानं नाही केलं, एवढंच तुम्ही म्हणालात. कोणी केलं ते नाही. आजोबांनीही असंच केलं. खोटं बोलले नाहीत, फक्त गप्प राहिले."

ते शब्द वर्मी लागले. लव्हीनाला ते बोलून आनंद झाला नाही, पण तिनं परतही घेतले नाहीत.

"मला बेड्या घालणार?"

"ते मंगळवारवर आहे. संचलनाच्या आधी, व्यासपीठावरून, सगळं सांगायचं. ईबेनचं नाव घेऊन आणि रोझेरचं नाव घेऊन. नाही सांगितलंत तर मी चोरीची तक्रार नोंदवते, आणि कोर्टात मीच सांगते. सांगितलं जाणार, हे नक्की. कोण सांगणार, एवढंच तुमच्या हातात आहे."

"मर्टन मला जन्मात माफ करणार नाही."

"आधी गस्टामावशीकडं जाऊ. तिनं माफ करायचं की नाही ते तिला ठरवू दे. मर्टनचा नंबर नंतर."

६

गस्टामावशीनं सगळं उभ्यानं ऐकलं. मिसेस स्प्रेग बोलून थांबल्यावर लव्हीनानं बिल्ला काडतुसांच्या पेटीच्या झाकणावर ठेवला, कड्या चिरांमध्ये सारल्या आणि आतून वादी ओवली. बिल्ल्याचा पोचा चामड्याच्या खळग्यावर अचूक बसला.

"तर ओझं म्हणजे तो होता," मावशी म्हणाली.

"ऑगस्टा, हा तुमच्या घराण्याचा आहे. ठेवून घे. मी आणखी काय देऊ ते सांग."

"माझा नाही. आजोबांनी तो दिला होता. शुद्धीत असताना, स्वतःच्या हातानं. त्यांनी दिलेलं मी परत घेऊ?" तिनं पेटी स्वतःकडं ओढली. "मंगळवारपुरता राहू दे याच्यावर. मग तिकडच्या काचेच्या पेटीत लावा पुन्हा, तुमच्याच आजोबांच्या नावाखाली. फक्त कोणी दिला तेही लिहा. आणि पीझलीचं स्पेलिंग नीट लिहा. शाळेत कोणी कधी नीट लिहिलं नाही."

मर्टनला बातमी सोमवारी सकाळी कळली. कारखान्याच्या कचेरीत तो इतका ओरडला की सार्डिन कापणाऱ्या बायकांनी सुऱ्या खाली ठेवल्या. बहिणीला वेडी म्हणाला, लव्हीनाला हार्लनचा बिल्ला काढून घेण्याची धमकी दिली, चोटना तर पोर्टलंडपर्यंत पळवतो म्हणाला. लव्हीनानं टेबलावर काडतुसांची पेटी ठेवली आणि त्याचा अंगठा धरून त्या खळग्यात दाबला. तो खुर्चीत बसला. म्हणाला, "मी हे भाषण बत्तीस पानी लिहिलंय, लव्हीना."

"तुझ्या बहिणीचं चार ओळींचं आहे."

मंगळवारी धुकं लवकर विरलं. स्मारकापाशी आसपासच्या गावांतली माणसं जमली होती, ढोलवाले रांगेत उभे होते. मर्टनच्या जागी ड्रसिला स्प्रेग व्यासपीठावर चढल्या तेव्हा कुजबुज झाली. त्यांनी कागद काढला नाही.

"रोझेर थिबोडोनं काहीही चोरलेलं नाही," त्या म्हणाल्या. "चोऱ्या दोन झाल्या. बिल्ल्याची मी केली. त्याआधी शंभर वर्षांपूर्वी एका माणसाचं नाव चोरीला गेलं, ते माझ्या आजोबांनी चोरलं. त्या माणसानं त्यांना पाठीवर घेऊन वाचवलं होतं. त्याचं नाव ईबेन पीझली. तो पळाला नव्हता."

टाळ्या वाजल्या नाहीत. कोणीतरी मोठ्यानं श्वास सोडला, एवढंच. मर्टन पायरीपाशी टोपी हातात घेऊन उभा होता. बहीण खाली उतरली तेव्हा त्यानं तिच्याकडं बघितलं नाही, पण हात पुढं केला. मग तो गर्दीतून वाट काढत रोझेरपर्यंत गेला. तो काय म्हणाला ते कोणाला ऐकू आलं नाही. रोझेरनं उत्तर दिलं ते मात्र सगळ्यांनी ऐकलं: "ठीक आहे, साहेब. पण मोठ्यानं सांगा. ओरडला होतात तेवढ्याच मोठ्यानं."

आणि मर्टन रिडलननं, कानापर्यंत लाल होत, ते तेवढ्याच मोठ्यानं सांगितलं.

ढोल सुरू झाले. पलटणीच्या जुन्या टोप्या घातलेली रांग हलली, आणि रांगेच्या अगदी शेवटी गस्टामावशी निघाली. आयुष्यात ती या संचलनाला कधी आली नव्हती. खांद्यावरून काळा पट्टा, उजव्या कुल्ल्यावर पेटी, पेटीवर पितळ. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं टोप्या काढू लागली. पुढची मंडळी काढत होती म्हणून मागच्यांनी काढल्या, आणि कोण जातंय ते त्यांना मग कळलं.

लव्हीना गर्दी मागं सारत तिच्या बाजूनं चालत होती. पुलाचा चढ आला तशी म्हातारीला धाप लागली.

"जड आहे गं हे," ती म्हणाली.

"मी घेऊ का खांद्यावर?"

"नको," गस्टामावशी म्हणाली आणि तिनं पट्टा सावरला. "तू बाजूला हो. लोकांना दिसू दे."